दिवाणजीची पदवी

मार्केट यार्डात माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. हाक येते ती ‘दिवाणजी’. सांगलीच्या आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या पेढीत, गादीवर बसून जो हिशेब लिहितो तो दिवाणजी. मग तो पंचविशीचा असो नाहीतर सत्तरीचा. मी एकोणिसाव्या वर्षी दिवाणजी झालो. बारावी कॉमर्स मराठी माध्यमातून केली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना वडील अंथरुणाला खिळले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुन्हा विद्यार्थी झालो ते २०१६ साली, एकतिसाव्या वर्षी. बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, केलं. नोकरी न सोडता, रात्री आणि रविवारी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम मला पाच वर्षं पुरला.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दूरशिक्षणाचं होतं एवढं पुरे. पुढे एक-दोन कागाळ्या येणार आहेत आणि त्या कुणाच्या नावे टाकायच्या नाहीत.

शिकायचं डोक्यात आलं ते एका भांडणातून. दुकानात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, पण शेतकऱ्याची पट्टी हातानेच व्हायची. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेबाचा कागद. शेतकरी तो खिशात घालून घरी जातो आणि बायकोला दाखवतो, म्हणून तो चुकून चालत नाही. मालकांनी पट्टीचं सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं. एक पोरगा आला लॅपटॉप घेऊन. हुशार होता, पण एकाच शेतकऱ्याच्या एकाच दिवशीच्या हळदीला तीन दर कसे, हे त्याला काही केल्या कळेना. हळकुंडाचा दर वेगळा, गड्ड्याचा वेगळा, कणीचा वेगळा. शिवाय वजनातून बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा, रकमेतून हमाली-तोलाई वजा, आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली असेल तर तीही वजा. तो म्हणाला, “ही रिक्वायरमेंट तुम्ही आधी सांगितली नव्हती.” मी म्हणालो, “तुम्ही विचारली कुठं?” मालक तक्क्याला टेकून ऐकत होते. म्हणाले, “तुम्ही दोघं मराठीतच बोलताय न्हवं?”

ते सॉफ्टवेअर दोन महिने चाललं आणि बंद पडलं. पैसे गेले. माझ्या डोक्यात मात्र एक किडा राहिला. त्या पोराला हिशेब येत नव्हता आणि मला कॉम्प्युटर. मधली जागा मोकळीच होती.

चौकशी केली तेव्हा कळलं की बीसीए म्हणजे नुसतं प्रोग्रॅमिंग नव्हे. पहिल्या वर्षाला व्यवसाय संघटन आणि हिशेबशास्त्र, बरोबर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पुढे डेटाबेस, सिस्टीम अ‍ॅनालिसिस, संख्याशास्त्र, ई-कॉमर्स, बिझनेस कम्युनिकेशन आणि शेवटी प्रोजेक्ट. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. लेखी परीक्षेला ७५ टक्के वजन, हाताने लिहून द्यायच्या असाइनमेंटला २५, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायचं. प्रॅक्टिकलला ७० टक्के हजेरी सक्तीची. अभ्यासकेंद्र कोल्हापूरला. दर रविवारी सकाळची एसटी. अंकलीचा पूल ओलांडला की पुस्तक उघडायचं आणि हातकणंगले येईपर्यंत मान छातीवर पडलेली असायची.

वर्गात आम्ही सुरुवातीला तेवीस जण होतो. एक नर्सताई नाइट ड्यूटी करून तशाच यायच्या. एक एसटीतले कंडक्टर होते, त्यांना बढतीसाठी पदवी हवी होती. विमा एजंट होता. उरलेली एकोणीस-वीसची पोरं, ती मला ‘काका’ म्हणायची. पहिल्या दिवशी लागलं, नंतर सवय झाली.

पुस्तकं इंग्रजीत. त्यांचा गठ्ठा पोस्टाने आला तेव्हा मुलीने खाकी कागद फाडून बघितलं आणि म्हणाली, “बाबा, यात चित्रंच नाहीत.” बायको डी.एड. झालेली, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. रात्री साडेनऊनंतर ती भाजी निवडत बसायची आणि मी मोठ्याने वाचायचो. अडलं की ती अर्थ सांगायची. एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही वाचताय की पाठ करताय?” मी पाठच करत होतो. बारावीपर्यंतची सवय.

आता गंमत सांगतो. हिशेबशास्त्र हा माझ्या पोटापाण्याचा विषय. त्याची पुस्तकं मी उघडलीसुद्धा नाहीत. पेपरला गेलो आणि निकाल लागला तेव्हा त्यात ४७ मार्क, आणि ज्याची धास्ती होती त्या सी भाषेत ५८. कंडक्टरसाहेब वर्षभर मला चिडवत होते. कारण शोधलं तेव्हा सापडलं आमच्या आप्पांच्या वहीत. आप्पा म्हणजे आधीचे दिवाणजी, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांनी शिकवलेल्या देशी नामापद्धतीत जमेची (क्रेडिट) बाजू डावीकडे आणि नावेची (डेबिट) उजवीकडे. पाठ्यपुस्तकात बरोबर उलटं: नावे डावीकडे, जमा उजवीकडे. बारावीला मी पुस्तकाप्रमाणे शिकलो होतो, पण पुढची बारा वर्षं हात वहीप्रमाणे वळला. टॅलीमध्ये बाजू आपोआप पडतात म्हणून ते कधी ध्यानात आलं नाही. पेपरात दोन खाती मी आरशात बघितल्यासारखी लिहून आलो होतो.

आप्पांकडे गेलो. ते तेव्हा पंच्याहत्तरीचे, हरिपूरला राहायचे, बागेतल्या गणपतीच्या वाटेवर. त्यांना सांगितलं तर हसले. “डावं-उजवं सोड मर्दा. कुणाचं आलं, कुणाकडं गेलं, येवढं बग. बाजू काय, कागदाला असतात.” मग नेहमीप्रमाणे पेवांवर गाडी गेली. हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. २००५ च्या महापुरात त्यांचा सत्यानाश झाला. आप्पांना कुठलाही विषय दिला तरी तो शेवटी पेवात जातो.

पण त्यांचं ते ‘कुणाचं आलं, कुणाकडं गेलं’ मला सी भाषेत उपयोगी पडलं. सीमध्ये पॉइंटर नावाची एक बला आहे. वर्गातली निम्मी पोरं तिथे गळपटली. सर फळ्यावर चौकोन काढायचे, बाण काढायचे, म्हणायचे, “पॉइंटरमध्ये व्हॅल्यू नसते, व्हॅल्यूचा पत्ता असतो.” मला तीन रविवार कळलं नाही. चौथ्या रविवारी परतीच्या एसटीत, जयसिंगपूरच्या आसपास, एकदम दिसलं. रोजकीर्दीत, म्हणजे रोजचे व्यवहार लिहायच्या वहीत, रकान्यावर ‘खा. पा.’ लिहिलेलं असतं: खाते पान. त्या रकान्यात रक्कम नसते. खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, ती नोंद कुठल्या पानावर गेली तो आकडा असतो. पॉइंटर म्हणजे खातेपान! लिंक्ड लिस्ट, म्हणजे पुढच्या नोंदीचा पत्ता धरून जोडलेली यादी, तर मी बारा वर्षं रोज करत होतो. एखाद्या शेतकऱ्याचं खातं ४७ व्या पानावर भरलं आणि ४८ व्या पानावर दुसऱ्याचं खातं असलं, की आम्ही खाली लिहायचो, ‘पुढे पान ११२ वर पहा’, आणि ११२ वर वर लिहायचो, ‘पान ४७ वरून आणली’. ही दुसरी ओळ म्हणजे डबली लिंक्ड लिस्ट. शेजारच्या सीटवर कंडक्टरसाहेब घोरत होते, त्यांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, “दिवाणजी, कोल्हापूर आलं का?” आम्ही सांगलीला चाललो होतो.

पुढच्या रविवारी सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि खतावणी काढायला लावली. ज्यांनी आयुष्यात वही बघितली नव्हती अशा पोरांना ती समजावताना माझाच घाम निघाला. ती मला काका म्हणायची थांबली नाहीत, पण त्या दिवसापासून वह्या घेऊन शेजारी बसायला लागली.

सगळं असं वहीत सापडत गेलं म्हणावं तर तसंही नाही. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि असेम्ब्ली भाषा हा पेपर मी दोनदा नापास झालो. त्यात रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा, पण रजिस्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर यायचं आणि तिथून पुढे गाडी सरकायची नाही. तिसऱ्या खेपेला ४१ मार्क पडले, पाठांतराच्या जोरावर. त्यातलं आज काही आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही.

दुकानाचं आणि अभ्यासाचं वेळापत्रक एकमेकांच्या उरावर बसलेलं. हळदीचा हंगाम फेब्रुवारीत उभा राहतो तो मेपर्यंत, मध्येच मार्चएंड. म्हणजे जूनच्या परीक्षेचा अभ्यास करायचा तेव्हाच डोकं वर काढायला फुरसत नाही. म्हणून मी अवघड पेपर डिसेंबरसाठी राखून ठेवायचो. पहिल्याच डिसेंबरला ते गणित कोसळलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. शेतकऱ्याला रोख कुठून द्यायची, चेक दिला तर तो घेईल का, आणि घेतला तर त्याच्या बँकेत पैसे आहेत का, यात महिना गेला. भरलेल्या पेपरांपैकी दोन मी दिलेच नाहीत. पुढच्या वर्षी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ओली हळद करमुक्त, वाळवलेल्या हळदीला पाच टक्के, मालाचा सांकेतिक क्रमांक (एचएसएन) ०९१०. यार्डातल्या दिवाणजींना त्या जुलैत झोप नव्हती. मी मात्र त्याच सुमारास सिस्टीम अ‍ॅनालिसिस वाचत होतो, आणि पहिल्यांदाच शिकलेलं दुसऱ्या दिवशी दुकानात वापरलं: आधी मालाची यादी एका जागी नीट करायची, कर त्या यादीला चिकटवायचा, बिलाला नाही. शेजारच्या तीन दुकानांचे दिवाणजी आमच्या गादीवर चहाला यायला लागले. मालकांना ते फार आवडलं. चहाचा खर्च कधी विचारला नाही.

पुढे अभ्यासात डेटाबेस आला आणि तिथे मी खरा रमलो. एडगर कॉड नावाच्या माणसाने १९७० साली मांडलेली कल्पना: माहिती तक्त्यांत ठेवा, आणि प्रत्येक ओळीला तिची अशी एकच खूण असू द्या, जिच्यावरून ती ओळ आणि तीच ओळ सापडेल. प्राथमिक किल्ली म्हणतात तिला. सोपं वाटतं. मी उत्साहात आमच्या शेतकऱ्यांचा तक्ता केला आणि किल्ली म्हणून नाव वापरलं.

सांगली जिल्ह्यात हे करू नये. आमच्या खातेदारांत बाळासाहेब पाटील चार निघाले. त्यांतले दोघं एकाच गावचे. बरं, नावही एकसारखं लिहिलेलं नाही: कुठे ‘बाळासाहेब’, कुठे ‘बाळासो’, एका ठिकाणी आप्पांच्या अक्षरात ‘बाळू पाटील (विहिरीचे)’. वहीत हे चालत होतं, कारण किल्ली आप्पांच्या डोक्यात होती. विहिरीचे कोण, मळ्यातले कोण, ज्यांनी ट्रॅक्टर घेतला ते कोण. आप्पा गादीवरून उठले की ती किल्लीही उठून जायची. मला आठवलं, एकदा एका पाटलांची साडेचार हजारांची उचल दुसऱ्या पाटलांच्या पट्टीतून कापली गेली होती आणि दोन भावकीत वर्षभर बोलणं बंद होतं. तो दोष तेव्हा माझ्या माथी आला. तक्त्याची रचनाच चुकली होती, हे मला दहा वर्षांनी पुस्तकात वाचायला मिळालं.

मग मी प्रत्येक खातेदाराला नंबर दिला. मालक कुरकुरले: “माणसाला नंबर देतोस? तुरुंग हाय का ह्यो?” पण दिला.

दुसरा धडा पैशांचा. रकमेच्या रकान्याला मी ‘फ्लोट’ प्रकार दिला होता, कारण सी शिकताना दशांश अपूर्णांकाला फ्लोट वापरायचा असं डोक्यात बसलेलं. शंभर पट्ट्या घालून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा नावे-जमेचा ताळा, काढली तर काही पैशांचा फरक. तसं बघितलं तर पैशांना कोण विचारतो? पण तेरीज जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही ही आमची शिकवण; घरी जेवण गार होऊ दे. रात्री एकपर्यंत एकेक रक्कम तपासली. शेवटी एक सापडली: मी घातलेले १,८४,३६५.४० आणि मशिनने ठेवलेले १,८४,३६५.४१. मी चार वेळा पुन्हा घातले. चारही वेळा एकेचाळीस पैसे. कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांदेखत एक पैसा वाढवत होता.

सरांना विचारलं तेव्हा कारण कळलं. फ्लोटला साधारण सात आकड्यांपुरतीच जागा, आणि आत सगळं दोनच्या पटीत मोजलेलं. चाळीस पैसे त्या मापात बरोबर बसतच नाहीत, जवळचं जे बसतं ते ठेवलं जातं. पैशांसाठी ‘डेसिमल’ नावाचा वेगळा प्रकार आहे. पुस्तकात तो एका ओळीत उरकला होता. माझ्या लेखी हे अख्खं प्रकरण व्हायला हवं होतं. कारखान्यातला इंजिनीअर म्हणेल, एकच तर पैसा, सोडून द्या. दिवाणजी सोडू शकत नाही, कारण आज एका पैशाचा फरक सोडला तर उद्या त्याच्या आड शंभर रुपयांची चूक लपून बसते.

तेरजेवरून आठवलं. आप्पांची एक युक्ती होती: फरकाला नऊने भागून बघायचं. भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. ८,५०० चे ५,८०० झाले की फरक २,७००. नऊने भाग जातो. असं का, हे आप्पांना माहीत नव्हतं आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही. गणिताच्या पुस्तकात स्थानिक किंमत बीजगणितात मांडली होती: दहा ‘अ’ अधिक ‘ब’ मधून दहा ‘ब’ अधिक ‘अ’ वजा केलं की उरतात नऊ गुणिले ‘अ वजा ब’. बस, एवढंच. मी ते कागदावर लिहून हरिपूरला घेऊन गेलो. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ कागद बघितला. म्हणाले, “म्हंजे पैल्यापास्नं बरोबरच हुतं की.”

पुराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहायचं म्हटलं तर ते वेगळंच प्रकरण होईल. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं; धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. मुलीला आणि आईला घेऊन मिरजेला बायकोच्या माहेरी गेलो ते अंगावरच्या कपड्यांनिशी. परत आलो तेव्हा पुस्तकांच्या लगद्यावर गाळाची साय होती. लॅपटॉप बरोबर नेला होता, पण असाइनमेंट हाताने लिहिलेल्या, त्या गेल्या. ‘बॅकअप मूळ जागेपासून दूर ठेवावा’ असं मी मे महिन्यातच परीक्षेसाठी पाठ केलं होतं, आणि माझा पेन ड्राइव्ह त्याच कपाटात होता.

आता कागाळी. असाइनमेंट केंद्रावर द्यायच्या, केंद्र तपासून मार्क वर कळवणार, असा शिरस्ता. एका सत्राचे आमच्या अख्ख्या वर्गाचे मार्क निकालात आलेच नाहीत. केंद्र म्हणे आम्ही पाठवले, वरचं ऑफिस म्हणे आले नाहीत. वर्गाला सांगितलं गेलं, पुन्हा लिहून द्या. नर्सताई रडकुंडीला आल्या. मी मात्र प्रत्येक असाइनमेंट देताना पहिल्या पानाची झेरॉक्स काढून तिच्यावर शिक्का आणि तारखेसकट सही घेत आलो होतो. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हे कुणी मला शिकवायला नको. पोरं त्यावर हसायची. ती फाइल पुरातूनही वाचली होती, कारण ती घरी नव्हती, दुकानात गादीखाली होती. फाइल घेऊन तीनदा गेलो, अर्ज दिला, अर्जाचीही पोच घेतली. चार महिन्यांनी माझे मार्क लागले. बाकीच्यांनी पुन्हा लिहून दिलं. पुढच्या सत्राला खिडकीशी झेरॉक्सवाल्यांची रांग होती.

शेवटचं वर्ष लॉकडाऊनमध्ये सापडलं. जून २०२० ची परीक्षा लांबली, केंद्र बंद. यार्डही मध्येमध्ये बंद, त्यामुळे मला आयुष्यात पहिल्यांदा वाचायला दिवसाढवळ्या वेळ मिळाला.

प्रोजेक्टचा विषय मी ‘आडत दुकानाची शेतकरी पट्टी’ असा दिला. मार्गदर्शकांनी सुचवलं, ग्रंथालय किंवा हॉस्पिटल घ्या, पटकन मंजूर होतं. खरं आहे, ते प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, नाव बदलून, काळ्या बाइंडिंगसकट. वर्गातल्या किती जणांनी ते घेतले हे मी सांगणार नाही. माझी रूपरेषा एकदा परत आली, ‘व्याप्ती अस्पष्ट’ असा शेरा मारून. आडत म्हणजे काय हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावं. दुसऱ्या वेळी मी पहिलं पान फक्त एका पट्टीच्या फोटोला दिलं आणि प्रत्येक रकान्याला बाण काढून अर्थ लिहिला. मंजूर झाली.

प्रोजेक्ट करताना सर्वांत जास्त वेळ गेला तो एका बटणावर. चुकलेली पट्टी दुरुस्त करायचं बटण. मी ते केलं: नवा आकडा घाला, जुना जाईल. चालवून बघितलं आणि पोटात कसंतरी झालं. वहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ती तशीच दिसली पाहिजे आणि तिच्याखाली उलट नोंद करून ती फिरवायची. मशिनमध्ये जुना आकडा गेला कुठे? कुणी बदलला? कधी? बटण काढून टाकलं आणि त्या जागी उलट नोंदीची सोय केली. पुढे आमचे सीए बोलता बोलता म्हणाले की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्याने सक्तीचं झालं आहे. आमची पेढी भागीदारीची, आम्हाला तो नियम लागू नाही. पण मी त्या दिवशी मालकांकडे जरा ताठ मानेने बघितलं.

तोंडी परीक्षा मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने. मी दुकानाच्या माळ्यावर बारदानाच्या गठ्ठ्यावर बसलो होतो, कारण रेंज तिथेच. परीक्षक बाई शांत होत्या. कोड फारसा विचारला नाही. विचारलं, “समजा दोन माणसांनी दोन कॉम्प्युटरवरून एकाच शेतकऱ्याची पट्टी एकाच वेळी उघडली, आणि दोघांनी उचल कापली, तर?”

मला लॉकिंगची व्याख्या पाठ होती. ऐन वेळी ती तोंडात आलीच नाही. मी म्हणालो, “मॅडम, आमच्याकडे वही एकच असते. ती ज्याच्या मांडीवर, तो लिहितो. दुसरा थांबतो.”

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. वाटलं रेंज गेली. मग त्या म्हणाल्या, “आणि ज्याच्या मांडीवर वही आहे तो जेवायला गेला तर?”

“वही मिटून मालकांकडे देऊन जायची. अर्धवट नोंद असेल तर ती धरायची नाही.”

“हेच प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा.” दाखवलं. नावे आणि जमा दोन्ही नोंदी पडल्या तरच पट्टी पक्की, मध्येच लाइट गेली तर दोन्ही रद्द. डेटाबेस आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो आणि मग तक्त्यात, हेही मी सांगायला गेलो, पण त्यांनी “पुरे” म्हटलं. ८१ मार्क दिले.

२०२१ ला निकाल लागला. एकूण ५९ टक्के. पहिला वर्ग एका टक्क्याने हुकला, असेम्ब्लीच्या कृपेने. मालकांनी यार्डातल्या देवळात नारळ फोडला आणि पगार दोन हजारांनी वाढवला. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीलाही जाऊन आलो. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो म्हणाला, “अनुभव कशाचा आहे?” मी म्हणालो, “सोळा वर्षं हिशेबाचा.” “म्हणजे आयटीचा नाही.” परत आलो. आता सकाळी दुकान, आणि दुपारनंतर यार्डातल्या आणखी चार पेढ्यांची पट्टी माझ्याच प्रोग्रॅमवर चालते, तिची देखभाल करतो. बेदाण्याच्या लोकांनाही हवी आहे, पण त्यांचे सौदे बॉक्सवर होतात, हळदीसारखे पोत्यांवर नाही. त्यांच्याकडे आठवडाभर नुसतं बसून बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही.

परवा गर्दीच्या वेळी एक म्हातारे शेतकरी काउंटरशी आले. डोक्याला पटका, हातात काठी. मी मान खाली घालूनच विचारलं, “नाव?”

“दोनशे चौदा,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पाटील. विहिरीचे.”